पासष्टीनंतरचे अपंगत्व

बालाजीच्या देवस्थानामुळे ख्यातनाम असलेल्या देऊळगाव राजाच्या तहसील कचेरीतून अनुदान मिळवणारा अपंग निराधार पासष्टी उलटताच सरकारलेखी वृद्ध ठरतो. 1980 साली सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना 65 वर्षांपर्यंतची. त्यापुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. नाव देणाऱ्याला बहुधा आठवले नसावे, की कावडीतले ते मातापिता वृद्ध होते तसेच अंधही होते!

रक्कम सर्वांना सारखी होती तोवर या भेदाने फारसे बिघडत नव्हते. परंतु 2025 साली शासनाने दोन्ही योजनांतील दिव्यांगांचे साहाय्य दरमहा 1500 वरून 2500 रुपये केले. निर्णय स्वागतार्हच, मात्र एका योजनेतून दुसरीत जाताना अपंगत्वाची नोंद मागे राहिली, तर दरमहा हजार रुपयांचा फटका बसतो. ही नोंद दुरुस्त करण्यासाठी कोणाच्या तरी खांद्याचा आधार घेत खेड्यातून एस.टी. गाठायची, ती त्या म्हाताऱ्यानेच. जन्मतारीख आणि अपंगत्वाचा दाखला कचेरीच्या दप्तरात असताना हे स्थलांतर कचेरीनेच का करू नये? हयातीचा दाखला तर तो बिचारा दरवर्षी देतोच आहे.