दोरा आणि विमान
(आकाशातली अंतरं : भाग 6)

बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीच्या एका वाचकानं हिशेब मांडून पाठवला आहे. मुलगी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळूरुला थेट विमानानं आली. अंतर 14,000 किलोमीटर, वेग ताशी 900, म्हणजे साडेपंधरा तास. लागले सतरा. दीड तास गेला कुठं?

त्यातली वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवरच जातात. विमान जागचं हललं की वेळ मोजायला सुरुवात होते, उडाल्यावर नव्हे. बाकीचं उत्तर त्या 14,000 मध्ये आहे. ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. घरात पोरांचा पृथ्वीगोल असला तर लावून पाहा. बेंगळूरुहून निघालेला दोरा नेपाळ, तिबेट, चीन ओलांडत सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याशी, 71 अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. वर्गातल्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही वाट कुणाला सुचायची नाही.

पण दोऱ्याला श्वास घ्यावा लागत नाही. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं. प्रवाशांच्या मुखवट्यातला प्राणवायू थोड्याच मिनिटांचा असतो. तिबेटची जमीनच सरासरी 4,500 मीटरवर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या जवळपास! खाली यायचं कुठं? म्हणून विमानं सहसा तिबेट टाळतात. मग वारे, हवामान आणि कुठल्या देशानं आकाश बंद केलंय ते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे तास वाढले. गोलावरची अंतरं होती तेवढीच राहिली.

याच मार्गावरचं एअर इंडियाचं पहिलं थेट विमान 9 जानेवारी 2021 ला, शनिवारी रात्री साडेआठला, सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं. कॅप्टन झोया अग्रवाल आणि सगळ्या वैमानिक स्त्रियाच. त्यांनी दोऱ्याची वाट सोडून उत्तर ध्रुवावरची धरली आणि सतरा तासांनी, सोमवारी पहाटे, बेंगळूरु गाठलं. घड्याळांत साडेतेरा तासांचा फरक, त्यामुळे रविवार जवळजवळ सगळा हवेतच गेला.

दोऱ्याचं अंतर कागदावर मात्र फार चालतं. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाच्या करारात 150 किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ नको, अशी अट. बीदर तिथून दोऱ्यानं सव्वाशे किलोमीटर. ही अट बीदरला बरीच वर्षं आडवी आली. नागरी टर्मिनल सुरू झालं ते 7 फेब्रुवारी 2020 ला.

बीदर ते बेंगळूरु हवेतून सव्वापाचशे किलोमीटर. ताशी 900 नं पस्तीस मिनिटं, पण वेळापत्रकात तासापेक्षा जास्त वेळ दिसतो, कारण इतक्या जवळच्या प्रवासात विमान चढतं आणि लगेच उतरायला लागतं. आमच्या वाचकाच्या मुलीचं बीदरचं विमान मात्र चुकलं. सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळूरु सतरा तास, आणि पुढं मन्नाएखेळ्ळीपर्यंत बसमध्ये अख्खी रात्र.