६५ मिलिमीटरची रेघ

कोकणातल्या पोशीर गावच्या भातखाचरांत जुलैत दिवसाला ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर कुणाला नवल वाटत नाही. लावणीला पाणी हवंच असतं. ऑक्टोबरात मात्र कापून ठेवलेलं भात त्याहून कितीतरी कमी पावसातही भिजतं. सरकारदरबारी मात्र महिना कोणताही असो, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. हवामान खात्याच्या वर्गवारीशी तो आकडा जुळतो, तिथे ६४.५ च्या पुढे ‘मुसळधार’. मोजायला सोपा, वादाला जागा कमी, म्हणून टिकला. पण निकष बदलता येतात: मदतीसाठी पीकहानीची अट २०१५ साली ५० टक्क्यांवरून ३३ वर आली, चिखल तोच, निर्णय बदलला. तसाच कोकणातल्या भातालाही पिकाच्या अवस्थेनुसार वेगळा निकष हवा.