निळ्या सदऱ्याचें मीठ

गेल्या दिवाळीच्या सुटींत आईनें कपड्यांचें कपाट आवरावयास सांगितलें, तेव्हां माझ्या वांट्याचे सदरे एकदां मोजून पाहण्याची मला बुद्धि झाली. ते चौदा भरले. त्यांपैकीं पांच तर तीन-चार वेळांहून अधिक अंगावर चढलेच नव्हते. त्या पांचांत एक गडद निळा, विणीच्या कापडाचा, म्हणजे ज्याला आपण टी-शर्ट म्हणतों तसा होता. गळपट्टीच्या आंतील चिठ्ठीवर कारखान्याचें गांव छापलें होतें : तिरुप्पूर. हें गांव कोठें आहे हें मला ठाऊक नव्हतें. तें शोधावयास गेलों आणि जें वाचावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

तिरुप्पूर हें शहर तामिळनाडूंत नोय्यल नांवाच्या नदीच्या कांठीं वसलेलें आहे. ही नदी कोइमतूरच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगेंत उगम पावते व पूर्वेकडे वाहात जाऊन कावेरीस मिळते. आपल्या देशांतून परदेशीं जाणाऱ्या विणीच्या सुती कपड्यांपैकीं निम्म्याहून अधिक एकट्या तिरुप्पुराहून जातात. आणि आपण अंगांत घालतों ते गंजिफ्रॉकही पुष्कळदां तेथलेच असतात. सूत विणणें, बेतणें व शिवणें या कामांस पाणी फारसें लागत नाहीं. पाण्याचा प्रश्न उत्पन्न होतो तो कापड रंगवितांना, आणि पाण्याइतकाच मिठाचा. मिठाचें नांव ऐकून वाचकांस नवल वाटेल. म्हणून ही गोष्ट थोडी विस्तारानें सांगतों.

कृत्रिम रंगांचा इतिहास १८५६ सालापासून सुरू होतो. विल्यम पर्किन नांवाचा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी प्रयोगशाळेंत क्विनीन तयार करावयास गेला आणि त्याच्या हातीं जांभळा रंग लागला. (रसायनशास्त्राच्या तासास जांभया देणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.) त्यानंतर शंभर वर्षांनीं, १९५६ सालीं, एका नव्या जातीचे रंग बाजारांत आले. ते सुतास नुसते चिकटत नाहींत, तर त्याच्याशीं रासायनिक संयोग पावतात, म्हणून धुण्यांत सहसा उतरत नाहींत. आज सुती कपड्यांस बहुधा हेच रंग देतात. परंतु त्यांत एक अडचण आहे. कापसाचा तंतु पाण्यांत बुडाला कीं त्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भार येतो, आणि विरघळलेल्या रंगाचे कणही ऋणभारितच असतात. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात, हें आपण वर्गांत शिकलोंच आहों. मग रंगानें सुताजवळ यावें कसें? त्यासाठीं रंगाच्या पाण्यांत भरपूर मीठ घालतात. मिठाच्या योगें हें दूर लोटणें मंदावतें व रंग सुताकडे वळतो. मागाहून सोडा घातला म्हणजे तो पक्का बसतो.

फिक्या रंगास मीठ कमी लागतें. गडद निळ्या किंवा काळ्या रंगास एक किलो कापडामागें अर्धा किलो, कधीं त्याहूनही अधिक. माझा सदरा वाण्याच्या तराजूंत घातला तो दोनशें ग्रॅम भरला. म्हणजे त्याच्या एकट्यापायीं निदान शंभर ग्रॅम मीठ खर्ची पडलें असलें पाहिजे. या मिठाचा कणही सदऱ्यांत राहिलेला नाहीं. लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थाप्रमाणें तें आलें, रंगाची व सुताची गांठ घालून दिली, आणि सांडपाण्याबरोबर बाहेर पडलें. जो रंग सुतास बसला नाहीं, तोही त्याच्या सोबत गेला.

वर्षानुवर्षें हें सर्व नोय्यल नदींत जात होतें. ही नदी मुळांत बारमाही नव्हे. पावसाळा सरला कीं तिच्या पात्रांत वाहावयास मुख्यतः सांडपाणीच उरे. तिरुप्पुराच्या खालच्या अंगास ओरत्तुपाळयम् येथें शेतीसाठीं बांधलेलें धरण १९९२ च्या सुमारास पुरें झालें. शेतकऱ्यांस वाटलें, आतां पाणी आलें. पाणी आलेंही, परंतु तें रंगशाळांचें! कांहीं वर्षांतच त्या धरणाचें सांडपाण्याचें तळें होऊन बसलें. खारें पाणी मुरून आसपासच्या विहिरी बिघडल्या, जमिनी नापीक होऊं लागल्या, आणि गुरांस पाजावयास देखील गोडें पाणी मिळेना. ज्या धरणाचें पाणी वेळेवर सोडा म्हणून अर्ज करावयाचे, त्याचें पाणी आमच्याकडे सोडूं नका असें म्हणण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली, व दाद मागण्यासाठीं त्यांना न्यायालयांत जावें लागलें.

मीठ हें कांहीं विष नव्हे. तें तर आपल्या रोजच्या पानांत असतें. तथापि पाण्यांतील रंग काढतां येतो, दुर्गंधि घालवितां येते, परंतु विरघळलेलें मीठ कुजत नाहीं, जळत नाहीं, वा साध्या गाळणीनें निघत नाहीं. म्हणूनच नुसत्या वरवरच्या शुद्धीकरणानें नोय्यलचें दुखणें बरें होईना. शेवटीं २०११ च्या जानेवारींत मद्रास उच्च न्यायालयानें तिरुप्पूर भागांतील सातशेंहून अधिक रंगशाळा व विरंजनशाळा बंद करविल्या. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाऊं द्यावयाचा नाहीं, या अटीवर पुढें त्यांतील बऱ्याच पुन्हां सुरू झाल्या. आतां तेथें सांडपाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पापुद्र्यांतून दाबानें गाळतात, राहिलेला खारा अंश आटवितात, आणि निघालेलें पाणी व मीठ पुन्हां रंगाईस घेतात. मनावर घेतलें तर हें होऊं शकतें, असें तिरुप्पुरानें दाखवून दिलें, याबद्दल त्या शहराची वाखाणणी केली पाहिजे. मात्र या कामास इंधन लागतें, पैसा लागतो, आणि इतकें करूनही उपयोगांत न येणारे कांहीं मिश्र क्षार मागें उरतातच.

जो कारखानदार हा खर्च सोसतो त्याचा माल महाग पडतो. जो सोसत नाहीं त्याचा स्वस्त. बंदीनंतर रंगाईचें कांहीं काम देखरेख ढिली असलेल्या दुसऱ्या गांवीं गेलें, तें याच हिशेबानें. तेव्हां दुकानांत आपण "याहून स्वस्त दाखवा," असें म्हणतों, त्याचा शब्द कोणत्या तरी नदीच्या कांठापर्यंत पोहोंचतो, मग ती नदी आपण कधीं पाहिलेली नसो.

आणि हें मागणें आज साऱ्या जगांत वाढलें आहे. दर पंधरवड्यास नवी तऱ्हा, चार दिवस घालून टाकण्याजोगी किंमत, अशा या व्यापारास 'फास्ट फॅशन' हें नांव पडलें आहे. सन २००० ते २०१५ या काळांत जगांतील कपड्यांचें उत्पादन जवळजवळ दुप्पट झालें. उलट एक कपडा किती वेळां अंगावर जातो, ती संख्या घटली.

कोणी म्हणतील, सुती कपडा सोडून कृत्रिम धाग्याचा घ्यावा. पण पॉलिएस्टरचा धागा खनिज तेलापासून निघतो, प्रत्येक धुण्यांत त्याचे सूक्ष्म तंतु सुटून पाण्यांत मिसळतात, आणि ते कुजत नाहींत. कापसासही पाणी लागतें. एका सुती सदऱ्यामागें सुमारे २,७०० लिटर, असा एक अंदाज नेहमीं सांगतात. हा आंकडा मात्र सरसकट लावूं नये. विदर्भांतील बहुतेक कापूस पावसाच्याच पाण्यावर येतो. उलट मध्य आशियांत १९६० नंतर कापसासाठीं दोन मोठ्या नद्यांचें पाणी वळविलें, त्यापायीं अरल समुद्र आटत गेला व मुयनाक बंदरांतील नौका वाळूंत रुतून राहिल्या. तात्पर्य, निर्दोष कापड कोठेंच मिळत नाहीं. आपल्या हातीं आहे तें एवढेंच, कीं घेतलेला कपडा पुष्कळ दिवस वापरावा.

हिशेब साधा आहे. शंभर ग्रॅम मीठ चार वेळां घातलेल्या सदऱ्यावर वांटलें तर प्रत्येक वेळेस पंचवीस ग्रॅम पडतें; तोच सदरा दोनशें वेळां घातला तर अर्धा ग्रॅम. आमच्या आजीच्या घरांत हा हिशेब कोणी न मांडतां पाळला जात असे. परकराची दुमड सोडून तो वाढत्या मुलीस पुरवावयाचा, थोरल्याचा सदरा धाकट्यास द्यावयाचा, आणि लुगडें अगदींच विरलें म्हणजे त्याची गोधडी शिवावयाची. त्या गोधडीखालीं मी अजून निजतों.

आतां पुष्कळ घरीं कपाट भरलें कीं बोहारणीस बोलावून जुन्यावर भांडें घेतात व मन हलकें करितात. ही चाल वाईट नाहीं. तिच्या हातून कित्येक कपडे पुन्हां कोणाच्या तरी अंगास लागतात. पानिपत शहरीं तर देशोदेशींचे टाकलेले लोकरीचे कपडे फाडून, पिंजून, त्यांच्या सुताच्या स्वस्त घोंगड्या विणतात. परंतु सूत व पॉलिएस्टर यांच्या मिश्र धाग्याचें कापड निवडून वेगळें करणें फार कठीण असतें, आणि गोधडीसही तें सुती लुगड्यासारखें मऊ लागत नाहीं. शिवाय निळा रंग देतांना खर्चलेलें मीठ कोणतीही बोहारीण परत घेऊन जाऊं शकत नाहीं.

आपल्या शाळेपुरतें बोलावयाचें तर गणवेषाचें उदाहरण घ्यावें. दर जून महिन्यांत निम्म्या मुलांस तो आंखूड होतो. फाटतो मात्र क्वचित्. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं प्रत्येक वर्गानें असे गणवेष धुऊन, बटणें लावून, मापाप्रमाणें एका पेटींत ठेवले, तर खालच्या वर्गांतील मुलांस ते नव्यासारखे होतील. ते घेतांना कोणास संकोच वाटूं नये म्हणून पेटीची व्यवस्था शिक्षकांकडे न ठेवतां मुलांकडेच असावी, आणि वरच्या वर्गांतील मुलांनीं आपणही त्यांतूनच घ्यावे, असें मला वाटतें.

निळा सदरा अजून माझ्याजवळ आहे. दिवाळीपासून तो एकेचाळीस वेळां अंगावर गेला. काखेंत शिवण उसवली होती ती मीं स्वतः घातली. टांके वांकडे आले आहेत, पण हात वर केल्याशिवाय ते दिसत नाहींत.