खोटी कुस्ती, खरी पाठ

टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती खोटी असते, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी ती बघणारे कमी होत नाहीत, आणि त्या बघणाऱ्यांत मी एक आहे. साठी ओलांडलेल्या, चार कादंबऱ्या लिहिलेल्या आणि उभी हयात बँकेत बेरजा तपासण्यात घालवलेल्या माणसाने हे कबूल करावे म्हणजे घरच्यांना हसायला निमित्तच. परंतु इतकी वर्षे चेष्टा सोसल्यावर एकदा आपली बाजू सविस्तर मांडावी, असे वाटते. बाजू एकाच कार्यक्रमापुरती मांडतो. रेसलमेनिया थ्री. २९ मार्च १९८७, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले पॉन्टिअॅक सिल्व्हरडोम. त्या दिवशी रविवार होता. सकाळी आपल्याकडे अवघा देश रामानंद सागरांच्या ‘रामायणा’समोर हात जोडून बसला होता, ज्यात हनुमानाचे काम दारासिंग करत होते. हा योगायोग मला फार आवडतो. कारण पुढे सांगतो.

ही कुस्ती आमच्या नांदगावात पोचायला दीड-दोन वर्षे लागली, आणि ती आली व्हिडिओ कॅसेटमधून. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरच्या आमच्या गावाला गाड्यांची ददात कधी नव्हती, आणि मनमाड, मालेगाव हाकेच्या अंतरावर. कोणाचा तरी भाऊ आखाती देशात असे, कोणाचा मेहुणा मुंबईला. मूळ कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा प्रती निघत आणि आमच्या हाती येई ती बहुधा पाचवी-सहावी पिढी. तोवर माणसांचे चेहरे तांबूस झालेले, वरच्या बाजूला बर्फ पडत असल्यासारखे पट्टे. कॅसेट लायब्ररीवाला व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन-चार कॅसेट असा रात्रीचा ठेका देई. दोन हिंदी सिनेमे घरच्यांसाठी, एखादा पौराणिक म्हाताऱ्यांसाठी आणि सगळे झोपल्यावर उरलेल्या तिघाचौघांसाठी कुस्ती. मध्येच चित्र लोळू लागले की ट्रॅकिंगची चकती फिरवायची, त्यानेही भागले नाही तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हेड पुसायचे. वीज गेली तर पैसे परत नाहीत.

कार्यक्रमात बारा लढती आहेत. खरे सांगायचे तर त्यातल्या निम्म्या पुढे ढकलाव्यात अशाच. एका लढतीत किंग काँग बंडी नावाच्या पर्वतप्राय माणसाबरोबर बुटक्या मल्लांना उतरवले आहे आणि शेवटी तो त्यातल्या एकाला आपटून त्याच्यावर पडतो. ते मला तेव्हाही बघवले नाही, आजही बघवत नाही. रिंग इतकी लांब की मल्लांना छोट्या मोटारगाडीवर बसवून आणतात, आणि त्या गाडीलाही रिंगसारखे दोर बांधलेले. आपल्याकडे १९१२ साली पुऱ्या झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची बांधणी अशी की मागे बसलेल्यालाही माती दिसावी. सिल्व्हरडोममध्ये मागच्यांची मदार मोठ्या पडद्यांवर. ९३,१७३ प्रेक्षक होते, असे कंपनी अभिमानाने सांगते. जाणकारांनी तो आकडा फुगवलेला असल्याचे नंतर म्हटले आहे. बेरजा तपासण्याची सवय लागलेल्या मला यात नवल वाटले नाही. जिथे निकाल आधी ठरतो, तिथे गर्दीचा आकडा तेवढा खरा कशाला असेल?

आता त्या कॅसेटमधल्या खऱ्या रत्नाकडे वळतो. रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, वेळ जेमतेम पंधरा मिनिटे. मागची गोष्ट अशी, की आधीच्या एका लढतीत सॅव्हेजने रिंगची घंटा वापरून स्टीमबोटचा गळा चेचला होता. म्हणजे तसे दाखवले होते. त्या वैराला चुकते करण्यासाठी स्टीमबोट उतरलेला. पंच ‘एक, दोन’ मोजतो आणि तिसऱ्या आकड्याआधी खांदा उचलला जातो, पुन्हा डाव, पुन्हा एक-दोन. असे इतक्यांदा होते की बघणाऱ्याचा श्वास त्या दोन आकड्यांवर टांगला जातो. अखेरीस पंच आडवा पडतो, सॅव्हेज पुन्हा तीच घंटा उचलायला जातो, स्टीमबोटच्या बाजूने उभा असलेला जॉर्ज स्टील ती हिसकावून घेतो. पुढच्याच क्षणी सॅव्हेज स्टीमबोटला उचलतो आणि स्टीमबोट वरच्या वर त्याची गठडी वळतो. एक, दोन, तीन. ज्या घंटेने वैर सुरू झाले, तिच्याच पायी शेवट. कादंबरीत असा शेवट साधायला मला तीनशे पाने लागतात आणि तरी साधत नाही.

स्टीमबोटने पुढे मुलाखतींत सांगितले, की सॅव्हेजने ही लढत आधीपासून पायरीपायरीने लिहून काढली होती आणि दोघांनी ती एकमेकांकडून घोकून घेतली होती. हे कळल्यावर माझ्या एका मित्राचा विरस झाला. माझा आदर वाढला. पाठ केलेली गोष्ट घामाघूम होऊन, ती पाठ आहे याचा पत्ता लागू न देता करून दाखवायची, हे आपल्या तमाशातल्या आणि संगीत नाटकातल्या मंडळींनी आयुष्यभर केले. त्यांना आपण खोटे म्हणतो का?

पण आपला मुद्दा कुस्तीचा आहे, आणि कुस्तीबद्दल बोलायचा अधिकार माझा नव्हे. म्हणून एका रात्री आम्ही गल्लीतल्या वस्तादांना बोलावले. सत्तरीचे गृहस्थ, दोन्ही कान मोडून भज्यासारखे झालेले, तरुणपणीची काही वर्षे कोल्हापुरात काढलेली. जत्रेच्या फडात रेवड्यांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या निकाली कुस्तीपर्यंत पंच म्हणून त्यांचाच शब्द चाले. ते उखडतील, ‘ही काय नौटंकी’ म्हणतील, अशी आमची खात्री. ते मांडी घालून बसले, तंबाखू मळली आणि पहिला अर्धा तास काही बोलले नाहीत. स्टीमबोटने सॅव्हेजला हाताला धरून पाठीवरून भिरकावले तेव्हा मात्र हात वर झाला.

“साहेब, हे मागं घ्या जरा.”

मागे घेतले. त्यांनी पुन्हा बघितले, पुन्हा मागे घ्यायला लावले.

“पडणारा बघा, टाकणारा नका बघू. हनुवटी छातीला लावलीय, हात सपाट टाकलाय. ह्याला कुणीतरी वस्तादानं पडायला शिकवलंय.”

“पण वस्ताद, हे सगळं ठरवून असतं.”

“असंल. जमीन ठरवून लागत नाही.”

वस्तादांनी मग जे सांगितले ते मला नंतर पुस्तकांतूनही सापडले. खरी कुस्ती बघायला अवघड असते. खडाखडीतच अर्धा तास जातो, तुल्यबळ जोड असली तर एक जण खाली बसतो आणि दुसऱ्याला तो उलटता येत नाही. १९१० साली लंडनमध्ये आपला गामा पोलंडच्या झ्बिश्कोशी भिडला. झ्बिश्को मॅटला घोरपडीसारखा चिकटून राहिला, अडीच तासांहून अधिक वेळ गेला आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. १९२८ साली पतियाळाला दोघे पुन्हा समोर आले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. एका लढतीला प्रेक्षक कंटाळले, दुसरीत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपली. तिकीट काढून बसलेल्याला दोन्ही परवडत नाहीत. अमेरिकेतल्या ठेकेदारांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच यावर तोड काढली. निकाल आधी ठरवा, वेळ आपल्या हातात ठेवा. नुरा कुस्तीचा धंदा झाला तो असा, आणि तो धंदाच आहे हे कंपनीने स्वतःच्या तोंडाने मान्य केले १९८९ साली, न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे. आमची लढत ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असे त्यांनी सांगितले. सत्याची उपरती झाली म्हणून नव्हे. स्पर्धा म्हटली की क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आले, करमणूक म्हटली की ते टळले. बँकेत असे अर्जदार मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि आपण तरी नुरा कुस्तीला नवखे कुठे होतो? माझ्या वडिलांच्या पिढीने वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींना गर्दी केली होती. किंग काँग म्हणजे एमिल झाया, मध्य युरोपातून आलेला अवाढव्य मल्ल. त्या लढती काटा कुस्त्या होत्या, असे मानणारे आजही भेटतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. तोच दारासिंग हनुमान होऊन घरोघर आला तेव्हा लोकांना तो पटला, कारण त्याला जिंकताना त्यांनी आधीच पाहिले होते. उलट बाजूही सांगायला हवी. १९५२ साली हेलसिंकीत खऱ्याखुऱ्या कुस्तीत ब्राँझ पदक मिळवणारे आपले खाशाबा जाधव १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. खऱ्याला असा भाव मिळतो तेव्हा खोट्यावर चिडायला माझ्याकडे फारसे बळ उरत नाही.

पुढे स्टार टीव्ही आला, पोरांच्या खिशात मल्लांचे पत्ते आले, १९९६ साली ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलून आपटले (तो खरा अंडरटेकर नव्हता, ब्रायन ली नावाचा दुसरा मल्ल होता, म्हणजे खोट्यातही खोटे). गल्लीगल्लीत गाद्यांवर उड्या पडू लागल्या आणि आयांचा जीव टांगणीला लागला. त्या आयांचे बरोबर होते. पडायला शिकवणारा वस्ताद कॅसेटमध्ये दिसत नाही.

राहिली शेवटची लढत, जिच्यासाठी लोक ती कॅसेट आणत. हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट. सात फूट चार इंच उंची, ५२० पौंड वजन अशी आंद्रेची जाहिरात. पंधरा वर्षांत तो हरला नाही, त्याला कोणी उचलून आपटले नाही, असा डंका. तोही खोटा. १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर याच होगनने त्याला उचलले होते. लढत म्हणून ही सॅव्हेज-स्टीमबोटच्या पासंगालाही पुरत नाही. होगन पहिल्याच झटक्यात त्याला उचलायला जातो आणि त्याच्याखाली सापडतो. मग बराच वेळ आंद्रे त्याला मिठीत आवळून धरतो, दोघेही जवळजवळ स्तब्ध. आमच्यातल्या एकाने पुढे पळवायला हात घातला तेव्हा वस्ताद म्हणाले, “राहू द्या.” आणि थोड्या वेळाने, “ह्याची पाठ बांधलेली आहे. त्याचे गुडघे बघा, वजन घेत नाहीत. आजारी माणूस आहे हा.”

आम्हाला तेव्हा ते पटले नाही. एवढा राक्षस आजारी कसा? पण खरेच होते. आंद्रेला वाढ न थांबण्याचा विकार होता, पाठीवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली होती आणि लंगोटाच्या जागी घातलेल्या त्या काळ्या वेषाखाली आधारपट्टा होता. ती मिठी लांबवली होती, कारण त्याला त्याहून अधिक काही करता येण्यासारखे नव्हते. नंतर होगन त्याला उचलतो, आपटतो, मांडी घालतो, एक-दोन-तीन, छप्पर उडेल असा आरडाओरडा. पण त्या वजनाचा माणूस स्वतःच्या मर्जीशिवाय उचलला जात नाही. तो उचलू देतो. मोडक्या पाठीवर पडायला तयार होतो, जेणेकरून दुसरा मोठा व्हावा. या पूर्ण बनावट कार्यक्रमात मला खरी वाटते ती ही एक गोष्ट, आणि ती पाहायला मी ती कंटाळवाणी लढत पुन:पुन्हा लावतो.

आंद्रे जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसला एका हॉटेलात झोपेत गेला. वडिलांच्या अंत्यविधीसाठी तो तिकडे आला होता. वय ४६. सॅव्हेज २०११ साली गेला, होगन २०२५ च्या जुलैमध्ये. आता तो सगळा कार्यक्रम मोबाइलवर स्वच्छ दिसतो, बर्फाचे पट्टे नाहीत, तांबूस चेहरे नाहीत.

त्या रात्री कॅसेट संपत आली तेव्हा होगन रिंगमध्ये दंड दाखवत होता, कानाला हात लावून टाळ्या मागत होता, आणि हरलेल्या आंद्रेला त्या छोट्या गाडीवर उभे करून परत नेत होते. वस्तादांनी विचारले, “जिंकलेल्यानं त्याला हात नाही दिला?” आम्ही म्हटले, नाही, तो खलनायक आहे ना. वस्ताद उठले, धोतर झटकले आणि चपला शोधू लागले.

“मग पंचानं तरी द्यायचा,” ते म्हणाले.