फाल्गुनातला रमजान

सहेरी आटोपली की घरात थोडा वेळ शांतता पसरते. भांडी विसळून झालेली असतात, पाण्याचा शेवटचा घोट घेऊन झालेला असतो आणि फजरच्या अजानला दोन-चार मिनिटे उरलेली असतात. एरवी या वेळी सारे घर झोपेत असते. रमजानमध्ये लहानमोठे सगळे जागे असतात. अशा वेळी कुणी दार उघडून अंगणात किंवा गच्चीवर येऊन उभे राहिले, तर अंधारात झाडे नीट दिसत नाहीत, पण आंब्याच्या मोहोराचा वास येतो. थंडी आहे, पण अंगावर काटा येईल अशी राहिलेली नाही. आणि अजान होण्याआधीच कुठल्यातरी झाडावरून कोकिळ पहिला सूर लावतो. वसंत आल्याची ही पहिली वर्दी. फाल्गुनातल्या रमजानमध्ये ती रोजेदारांच्या वाट्याला सर्वांत आधी येते.

2025मध्ये पहिला रोजा 2 मार्चला झाला आणि फाल्गुनही त्याच सुमारास सुरू झाला. एकाच चंद्रकोरीने दोन्ही महिन्यांना सुरुवात करून दिली. 2024मध्येही असेच झाले होते आणि 2026मध्येही रमजान फाल्गुनातच. त्यानंतर मात्र ही सोबत सुटते. 2026मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे 2027चा रमजान माघात जाईल.

याचे कारण दोन पंचांगांच्या रीतीत आहे. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचे असते. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी लहान. हा फरक भरून काढण्यासाठी मराठी पंचांगात साधारण दर तिसऱ्या वर्षी अधिक महिना धरतात, म्हणून फाल्गुन आणि चैत्र वसंताला सोडून जात नाहीत. इस्लामी कालगणनेत असा जादा महिना धरण्याला मनाई आहे. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. उन्हाळा, हिवाळा, पावसाळा असा सगळ्या ऋतूंमधून फिरत तो साधारण तेहतीस वर्षांनी पहिल्या जागी परततो. जगात कुणाच्याच वाट्याला कायम उन्हाळ्याचे लांबलचक रोजे येत नाहीत आणि कुणालाच कायम थंडीतले सोपे रोजे मिळत नाहीत.

याआधी फाल्गुनातला रमजान आला होता तो 1992 आणि 1993 साली. तेव्हा दहाव्या वर्षी ज्याने पहिला रोजा धरला, तो 2025मध्ये त्रेचाळिशीत होता. त्या पहाटे ज्या दादीने किंवा अम्मीने त्याला हलवून उठवले होते, ती अनेक घरांत आज नाही. अंगणात तेव्हा हातभर उंचीचे असलेले कडुनिंबाचे रोप आता घरावर सावली धरून उभे आहे. पुन्हा असा योग येईल तेव्हा तो माणूस पंच्याहत्तरीला टेकलेला असेल. एका माणसाच्या आयुष्यात वसंतातला रमजान दोनदा येतो, फार तर तीनदा. म्हणून या पहाटेच्या पाच मिनिटांना किंमत आहे.

वसंताशी या भाषांचे नातेही जुने आहे. इस्लामी वर्षातल्या रबिउल अव्वल आणि रबिउल आखिर या दोन महिन्यांच्या नावांत ‘रबी’ म्हणजे वसंत आहे. महिने ऋतूंमधून फिरत राहिले, नावे मात्र तशीच राहिली. मराठी शेतकरी गहू-हरभऱ्याच्या हंगामाला ‘रब्बी’ म्हणतो, तो हाच अरबी शब्द. वसंताच्या तोंडावर हाती येणारे पीक म्हणून ते रब्बी. फळबागेतला ‘बहार’ हा शब्द फारसीतून आला, त्याचाही अर्थ वसंतच. ‘रमजान’ या शब्दाच्या मुळाशी मात्र तापण्याचा, भाजून निघण्याचा अर्थ आहे. वसंतातल्या रमजानमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

कारण बागेत वसंत येतो तो आधी पानगळ घेऊन. परसातला कडुनिंब या दिवसांत पिवळा पडतो. सकाळी झाडलेले अंगण दुपारपर्यंत पानांनी भरून जाते. नीट पाहिले तर उघड्या पडलेल्या फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवीचे कोंब दिसतात. पिंपळाचेही असेच. गावाबाहेरच्या माळावर पळस पाने टाकतो आणि मग निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले पेटतात. काटेसावरीवर पान नसते, पण लाल फुलांतला मध प्यायला साळुंक्या आणि बुलबुल गर्दी करतात. आंब्याच्या एकाच झाडावर मोहोरही दिसतो आणि वाटाण्याएवढ्या बाळकैऱ्याही. कढीपत्त्याला कोवळे शेंडे फुटतात, लिंबाला पांढऱ्या कळ्या धरतात. कुंडीतल्या मोगऱ्याची पहिली कळी दिसते ती बहुधा मगरिबच्या आधी, इफ्तारचे ताट मांडताना.

झाड आधी सोडून देते, मग फुलते. डाळिंब पिकवणाऱ्यांना हे कुणी वेगळे सांगायला नको. सोलापूर, सांगली, नाशिककडचे बागायतदार बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतात. ताण देणे म्हणजे ठरावीक काळ पाणी तोडणे. आंबे बहारासाठी पावसाळा सरल्यावर हा ताण बसतो. पाणी तुटले की झाडाची वाढ थांबते, पाने पिवळी होऊन गळतात. वरून पाहणाऱ्याला बाग वाळली असे वाटते. आत मात्र झाड अन्नाचा साठा करीत असते. मग छाटणी होते, खत घातले जाते आणि ताण तोडून पहिले पाणी दिले जाते. तेही हलके, हळूहळू वाढवत. त्यानंतर नवी पालवी आणि तिच्याबरोबर लालभडक कळ्या येतात. पाणी सतत मिळत राहिलेले झाड पानांनीच माजते, फुले मात्र मागेपुढे आणि विरळ येतात.

रोजेदाराला यात स्वतःची दिनचर्या दिसेल. पहाटेपासून ताण, सूर्यास्ताला खजूर आणि पाण्याचा घोट, तोही बेताने. कुरआनात डाळिंबाचा उल्लेख जन्नतमधल्या फळांत येतो. त्याचे दाणे इफ्तारच्या ताटात असतातच. ते दाणे भरण्यापूर्वी झाडाने तहान काढलेली असते.

यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची. जाणता बागायतदार सरसकट सगळ्या झाडांना सारखा ताण देत नाही. हलक्या जमिनीत ताण थोडा, भारी जमिनीत जास्त. रोगट आणि अशक्त झाडाला तो ताण देतच नाही, आधी त्याची तब्येत सुधारू देतो. रोजाचेही तसेच आहे. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणारी आई यांना सवलत आहे, वृद्धांनाही आहे. मधुमेह असलेले अनेक बुजुर्ग डॉक्टरांचे न ऐकता हट्टाने रोजे धरतात आणि घरच्यांचा जीव टांगणीला लावतात. ताण फुलण्यासाठी असतो, वाळून जाण्यासाठी नसतो, एवढे त्यांना कुणीतरी प्रेमाने सांगायला हवे.

तहानेचा अर्थ ज्याला दिवसभर कळला, त्याला मार्चच्या उन्हात उभे असलेले झाडही कळायला हवे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे, की एखाद्याने झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याच्या नावे सदका ठरतो. पाण्याच्या बाबतीतही त्यांची शिकवण कडक होती. वजूसाठी ते एक ‘मुद’ पाणी वापरीत. आजच्या मापाने ते पाऊण लिटरही भरत नाही. वाहत्या नदीच्या काठी बसूनसुद्धा पाणी वाया घालवू नये, असे त्यांनी बजावले होते.

आज अनेक मशिदींत वजूचे पाणी सरळ गटारात जाते. रमजानमध्ये नमाजींची गर्दी वाढते, पाणीही वाढते. या पाण्यात साबण नसतो. एक पन्हळ काढून ते आवारातल्या झाडांच्या बुंध्याशी वळवले, तर फारसा खर्च येत नाही. ज्यांच्या आवारात फरशी घालताना झाडाच्या खोडापर्यंत सिमेंट भरले गेले आहे, त्यांनी बुंध्याभोवती हातभर आळे मोकळे करून दिले तरी झाड श्वास घेईल. घरच्या गच्चीवर पाखरांसाठी पाण्याचे मातीचे भांडे ठेवणे तर मुलांनाही जमेल. सहेरीनंतर ते भरायचे काम त्यांच्याकडे द्यावे. रोजा धरण्याइतकी मोठी झाली नसतील, तरी रमजानमध्ये त्यांचाही हात लागेल.

महिनाअखेरीस गुढीपाडवा येतो. त्या सकाळी शेजारच्या घरातून कडुनिंबाच्या कोवळ्या पानांची मागणी येईल आणि अंगणातली डहाळी नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडे जाईल. त्याच संध्याकाळी सगळे गच्चीवर चढून पश्चिमेला पाहतील. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. भिंतीपलीकडून आलेल्या श्रीखंडाच्या वाटीतून मग शीरखुर्मा परत जाईल. तोपर्यंत कडुनिंबावर बारीक पांढरी फुले आलेली असतील. ती पाहायची, तर त्याला आजपासून पाणी द्यायला हवे.