टँगोतला हरवलेला संसार

टँगो म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहते ते विलायती जोडप्याचे नृत्य. पण ब्यूनोस आयरिसमध्ये टँगो हे गाणेही आहे. आणि नवल असे, की या शृंगारिक नृत्याच्या गाण्यांचा जीव अडकला आहे तो घरसंसारात!

कार्लोस गार्देलने १९१७ साली गायिलेले 'मी नोचे त्रिस्ते', म्हणजे 'माझी उदास रात्र', हेच पाहा. पास्कुआल कोन्तुर्सीच्या या गीतातला नायक प्रेयसीने टाकलेला आहे. तो झुरतो कशासाठी? 'माते' या कडवट पेयाबरोबरची बिस्किटे तो अजून आणतो, फिती बांधलेल्या तिच्या बाटल्या आता खोलीत नाहीत, गिटार कपाटात मुकी पडली आहे. ती गेली आणि खोलीचे घरपणच गेले!

याचे मूळ त्या शहरात आहे. इटली-स्पेनहून पोटासाठी आलेल्यांत पुरुषच अधिक. बिऱ्हाड एका खोलीचे, अंगण सामाईक. थेट आपल्या चाळीसारखे. अशा ठिकाणी घर मांडणे कठीण, टिकवणे त्याहून कठीण.

अर्थात सगळेच रडगाणे नव्हे. दिसेपोलोच्या 'विक्तोरिया'त बायको निघून गेली म्हणून नवऱ्याला आनंदाचे भरते येते! तर ले पेराने लिहिलेले, १९३५ च्या चित्रपटात गार्देलने गायिलेले 'एल दिया के मे किएरास' प्रेम फळण्याचे स्वप्न रंगवते. पण तेही 'तू प्रेम करशील त्या दिवशी'चे.

टँगोतले सुख असे कालचे, नाहीतर उद्याचे. आजचे सुख बिचारे गाण्यात येत नाही. ते स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवत असते, आणि आपले तिकडे लक्ष नसते!