सॉफ्टवेअर मोफत, पण तालुक्याचा रकाना कुणी घालायचा?

सेनगावातल्या एखाद्या जुन्या संस्थेची देणगीदारांची वही उघडली, तर पत्त्यांपुढे ‘जि. परभणी’ लिहिलेले दिसणार. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. नंतरच्या यादीत तोच माणूस ‘जि. हिंगोली’ म्हणून नव्याने येतो. गावाचे नाव कधी सेनगाव, कधी सेनगांव. या याद्या एका जागी आणायची वेळ आली की कुणीतरी ‘सिव्हीसीआरएम’चे नाव काढतो. सामाजिक संस्थांचे सभासद, देणगीदार, पावत्या आणि कार्यक्रम सांभाळणारे हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. त्याच्या संस्थापकांपैकी डोनाल्ड लोबो यांनी पुढे भारतातल्या संस्थांसाठी ‘प्रोजेक्ट टेकफॉरडेव्ह’ सुरू केला. व्हॉट्सअॅपवरून लोकांशी संवाद साधणारे ‘ग्लिफिक’ हे मुक्त स्रोत साधन त्यातलेच. पण अशा सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय हवी असेल तर काय करायचे, याबद्दल भलत्याच समजुती रूढ आहेत.

‘सॉफ्टवेअर मोफत आहे, म्हणजे मागू ती सोयही मोफत मिळेल.’

मोफत आहे तो परवाना. एजीपीएल ३ या परवान्याखाली कोड घ्या, बदला, वाटा, आडकाठी नाही. सर्व्हर, बॅकअप आणि वेळोवेळी अद्ययावत करणे हा खर्च मात्र संस्थेचाच. नवी सोय लिहायला कुणाचा तरी वेळ जातो. ज्या संस्थेला ती हवी ती पैसे देते, किंवा तीच गरज असलेल्या अनेक संस्था मिळून वर्गणी काढतात. ‘मेक इट हॅपन’ नावाने सिव्हीसीआरएमवाल्यांनी अशा मोहिमा चालवल्या आहेत.

‘नवी सोय म्हणजे नवा कोड.’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. पत्त्यात देश, राज्य, शहर, पिनकोड असतात, तालुका नसतो. तो रकाना संस्थेचा कार्यकर्ता माउसच्या चार टिचक्यांत वाढवू शकतो. आर्थिक वर्ष मुळात १ जानेवारीपासून धरलेले असते; सेटिंगमध्ये १ एप्रिल करायचे, की काम झाले. शोधयाद्या आणि फॉर्म बनवायला ‘सर्चकिट’ व ‘फॉर्मबिल्डर’ आहेत. व्यक्ती आणि संस्था यांच्याबरोबर ‘कुटुंब’ हाही संपर्काचा एक मूळ प्रकार आहे, आणि एका घरात एकच मोबाइल असलेल्या गावांना तो फार उपयोगी.

दुबार नोंदींचेही तसेच. मुळात दिलेले नियम ईमेलवर भर देतात. ज्यांना ईमेलच नाही, त्यांच्या दुबार नोंदी या नियमांना सापडणार कशा? मग प्रोग्रामरला बोलावले जाते. खरे तर नियम आपले आपण लिहिता येतात: प्रत्येक रकान्याला गुण द्यायचे आणि किती गुण जुळले की नोंद संशयित धरायची ते ठरवायचे. समजा नावाला ४, वडिलांच्या किंवा पतीच्या नावाला ४, मोबाइलला ३ आणि मर्यादा ८. मग घरातल्या दोन भावांचा मोबाइल एकच असला, तरी त्यांची नोंद एक होणार नाही. मात्र लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली बाई या नियमातून निसटते. आणि सेनगाव-सेनगांव हे संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. तिथे गावाला ओळखणारा माणूसच लागतो.

मराठी पावतीत जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, आणि मग ‘हे सॉफ्टवेअर मराठीला नालायक’ असा निकाल दिला जातो. दोष बहुधा पीडीएफ बनवणाऱ्या ‘डॉमपीडीएफ’चा असतो. त्याऐवजी ‘डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ’ जोडावे आणि सर्व्हरवर देवनागरी फाँट टाकावा.

कोड खरोखर लागतो तो दुसरीकडे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून ८०जी सवलत असलेल्या संस्थांवर १०बीडी नमुन्यातले देणगी-विवरण ३१ मेपर्यंत भरण्याची सक्ती आली. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क. देणगीदाराचा पॅन किंवा अन्य ओळख क्रमांक, देणगीचा प्रकार, रोख की बँकेतून, हे सगळे नेमक्या साच्यात उतरवायचे. यावर एकदा नीट खर्च करावा, असे माझे मत. आणि लिहून घेतले तर ते इतर संस्थांनाही वापरू द्यावे.

‘मूळ कोडच बदलून टाकू.’

सिव्हीसीआरएमची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. मूळ कोडात केलेली डागडुजी पुढच्या अद्ययावतीकरणात पुसली जाते. ती वाचवायला मग अद्ययावत करणेच थांबवतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांनाही मुकतात. म्हणून स्थानिक गरज ‘एक्स्टेन्शन’ म्हणून वेगळी लिहायची. सर्वांच्या उपयोगाची असेल तर मूळ प्रकल्पाकडे पाठवायची. तिथे दुसरे जाणकार ती तपासतात, चाचण्या होतात, मगच ती स्वीकारली जाते.

‘कोड उघडा, म्हणजे आपली माहितीही उघडी.’

नाही. परवाना कोडाचा आहे; देणगीदारांचे फोन आणि पॅन तुमच्या सर्व्हरवरच राहतात. ते जपण्याची जबाबदारी मात्र संस्थेची, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिला धारही आली आहे. पासवर्ड भिंतीवर चिकटवणाऱ्या कार्यालयाला कुठलेच सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही.

दोनशे नावांच्या यादीला एक्सेल पुरते. त्याहून मोठा पसारा असेल, तर प्रोग्रामरला फोन करण्याआधी काय हवे ते एका कागदावर मराठीत लिहा, खाली तुमच्या वहीतल्या दहा अवघड नोंदी नावे बदलून उतरवा, आणि त्यातले सेटिंगमध्ये काय होते हे आधी तपासा.